हिंगाच्या डब्यातला कापूस

आमच्या घरात कापूस फक्त खात नसत. बाकी तो सगळीकडे असायचा. भाकरीच्या परातीत, मायच्या केसांत, देवापुढच्या निरांजनात, आबांच्या मिशांवर. जालन्यातल्या एका जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याच्या आवारात, मागच्या भिंतीला लागून आम्हाला दोन खोल्या मिळालेल्या होत्या. हंगाम सुरू झाला की सकाळच्या भोंग्यापासून यंत्रांची घरघर भिंतींतून यायची, मांडणीवरची भांडी किणकिणायची, आणि घास चावताना ती दातांतसुद्धा जाणवायची. यंत्रं थांबली की मला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. माय मात्र पदरानं तोंड पुसत म्हणायची, "आत्ता कुठं माझाच आवाज मला ऐकू यून राह्यला बाई."

आबा, म्हणजे माझे वडील, त्या जिनिंगमध्ये पारखी होते. शेतकऱ्यांच्या गाड्या आवारात आल्या की आबा गाडीत कोपरापर्यंत हात घालत, मूठभर कापूस बाहेर काढत, अंगठा आणि दोन बोटांमध्ये त्याचा धागा ओढून बघत, एखादी सरकी दाताखाली घेत. कट्‌ करून फुटली तर कापूस कोरडा, नुसती चेपली तर ओला. मग काट्यावरच्या करीमचाचांना ओरडून सांगत, "पहिला!" किंवा "दुसरा!" किंवा "तिसरा!" गाडी कुठल्या ढिगावर रिकामी व्हायची ते त्या एका शब्दावर ठरे. अगदी शेवटच्या वेचणीचा, मेल्या बोंडांचा कापूस असतो त्याला फरदड म्हणतात. तो आला की आबा नंबर सांगतच नसत, नुसतं तोंड फिरवत, आणि करीमचाचांना तेवढं पुरे होई. एकदाही त्यांचा शब्द फिरल्याचं मी ऐकलं नाही. शेतकरी भांडत, हातापाया पडत, वडीगोद्रीकडची आमच्या नात्यातली माणसंसुद्धा येत; पण आबांनी दुसरा म्हटलं की तो दुसरा.

हे काम आबा त्यांच्या वडिलांकडून शिकले होते आणि कसं शिकले हे ते फार अभिमानानं सांगत. सहा हंगाम वडिलांच्या मागे उभं राहायचं, हात पाठीशी बांधून. बोलायचं नाही, विचारायचं नाही. सातव्या हंगामात वडिलांनी एक दिवस न बोलता मूठभर कापूस पुढे केला, आबांनी नंबर सांगितला, वडिलांनी मान हलवली. संपलं शिक्षण. माझा थोरला भाऊ माधव उर्दू शाळेतून मिडलला दोनदा बसून दोनदा घरी आला, तेव्हा आबांनी त्यालाही तसंच आपल्या मागे उभं केलं. दोन हंगाम दादा उभा राहिला. उभं राहण्यात तो तरबेज झाला. कापसाचं म्हणाल तर त्याला पहिला आणि तिसरा यातला फरक कळत नव्हता, आणि कळत नाही हे सांगायची हिंमतही नव्हती. स्वभावानं तो गायीसारखा होता. कुणी रागावलं तर खाली बघायचा.

मग आबांच्या हातावर जू पडलं. एका उधळलेल्या बैलाला आवरायला ते धावले आणि गाडीचं जू उजव्या पंजावर आदळलं. हाड जुळलं, पण अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांतली जाणीव गेली ती गेलीच. महिनाभर त्यांनी हे कुणालाही सांगितलं नाही. चुलीतला निखारा ते बोटांनी उचलायला लागले तेव्हा मायला शंका आली. जिनिंगमध्ये मात्र ते पहिल्यासारखे गाडीत हात घालत राहिले, आणि एक दिवस नुकतंच पाणी मारलेली, सरकीपर्यंत ओल न पोचलेली अख्खी गाडी पहिल्या नंबरात गेली. ढीग आतून गरम झाला, वास सुटला, आणि मालकांनी, शेठजींनी, आबांना बोलावून घेतलं.

शेठजी वाईट माणूस नव्हते. त्यांनी आबांना खुर्ची दिली, हे आबा पुढे कितीतरी वर्षं सांगत. "देखो दत्तोबा," शेठजी म्हणाले, "पारखीचा अंगठाच गेला तर काम कसं चालंल? खामगावचा एक माणूस यायला तयार हाय. पण तुमच्या घरानं दोन पिढ्या इमानानं केलंय. एक महिना देतो. तुमच्या पोराला अन् त्याला एकाच दिवशी उभं करू. जो बराबर सांगंल त्याची जागा." जागा म्हणजे आमच्या दोन खोल्याही. ती गेली असती तर आम्हाला चुलत्याच्या दारात, त्याच्या रानात राबायला जावं लागलं असतं, आणि आबांनी तिथं कापूस वेचला असता. ज्यांच्या गाड्यांना ते नंबर देत, त्यांच्याच बांधावर. त्या संध्याकाळी आबा जेवले नाहीत. येसराची आमटी ताटात तशीच गार झाली.

इथं माझा काय संबंध, असं कुणी विचारील. मी तेव्हा चौदा वर्षांची होते, लग्नाचं बोलणं चाललेलं होतं, आणि मला कापूस कळत होता. आबांना याचा पत्ता नव्हता. सात वर्षांची असल्यापासून मी रोज दुपारी आबांची भाकरी घेऊन आवारात जाई आणि त्यांचं हातातलं काम संपेपर्यंत काट्यापाशी बसे. करीमचाचांनी तिथं माझ्यासाठी एक खेळ काढला होता. गाडी आली की ते मूठभर कापूस माझ्या हातात देत, "बोल बेटी, कौनसा?" मी सांगे. तेवढ्यात आबांची आरोळी येई, आणि चाचा एकतर "बराबर!" म्हणून हसत, नाहीतर "नक्को, फिर से देख," म्हणून तोच कापूस परत हातात देत. सात हंगाम. शेवटी शेवटी चाचांना "नक्को" म्हणायची वेळच येत नव्हती. दादा चार हात पलीकडे हात बांधून उभा असे, आणि त्याला कुणी कधी "बोल" म्हटलंच नाही.

म्हणून मी आबांना सरळ सांगितलं, "दादाला मी शिकवते." माय म्हणाली, "गप बस गोदे." आबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "हे बोलून शिकवायचं काम न्हाई," एवढं म्हणाले आणि मग हात हलवून, "करा काय करायचं ते." ती परवानगी नव्हती, थकवा होता. पण मी परवानगीच समजले. मी आयुष्यभर असंच केलं आहे आणि त्यात माझं काही बिघडलं नाही.

करीमचाचांकडून मी चार मुठी कापूस मागून आणला. पहिला, दुसरा, तिसरा, फरदड. ओटीवर दादाला बसवलं, डोळ्यांना आबांचं उपरणं बांधलं, आणि एकेक चिमूट त्याच्या हातात देऊ लागले. तो नंबर सांगे, मी लगेच बरोबर की चूक ते सांगे, चूक असेल तर तीच चिमूट पुन्हा. सकाळी वीस, संध्याकाळी वीस. भिंतीवर कोळशानं मी रेघा मारत होते. पहिल्या दिवशी विसातले पाच. चौथ्या दिवशी नऊ. आठव्या दिवशी चौदा. दादाच्या चेहऱ्यावर मी तोपर्यंत कधी न पाहिलेलं काहीतरी दिसू लागलं; तो जेवताना बोलायला लागला, दुसरी भाकरी मागायला लागला. पंधराव्या दिवशी विसातले वीस. मी ओटीवरून उडी मारली. मायनं गुळाचा शिरा केला. आबा दारात बसून सगळं बघत होते; त्या दिवशी ते जेवले पोटभर.

दोन दिवसांनी दादाला सर्दी झाली. नाक चोंदलं, डोळे लाल. नेमानं आम्ही बसलो. विसातले चार.

मला वाटलं ताप आहे. मायनं काढा दिला. संध्याकाळी पुन्हा बसलो, तीन. दादा रडकुंडीला आला. "गोदे, माझी बोटं मेली गं, आबांसारखी," असं म्हणून तो खरंच रडला, एकोणीस वर्षांचा मिसरूड फुटलेला माणूस. मी त्याच्यावर ओरडत होते, लक्ष दे, लक्ष दे. तेवढ्यात माय आमटीला फोडणी देताना आतून करवादली, "ह्या पोरीनं माझ्या हिंगाच्या डब्यात काय कोंबून ठेवलंय? कापसाला हिंग अन् हिंगाला कापूस. आता आमटीत काय टाकू मी?"

त्याचं असं झालं होतं की उंदीर कापूस पळवतात. घरातल्या उंदरांची बाळंतपणं आमच्याच कापसावर होत. म्हणून मी ते चार नमुने घट्ट झाकणाच्या डब्यांत ठेवले होते, आणि घरात घट्ट झाकणाचे डबे म्हणजे मायचे साठवणीच्या मसाल्याचे; रोजचा मसाला संपल्याशिवाय ती ते उघडत नसे. पहिला नंबर हिंगाच्या डब्यात, दुसरा ओव्याच्या, तिसरा सुंठेच्या, आणि फरदड येसराच्या. दादा चिमूट हातात घेतली की आबांसारखीच तोंडाजवळ नेत असे. पंधरा दिवस त्याची बोटं नुसती मिरवत होती. काम नाक करत होतं. त्याला स्वतःलाही ते माहीत नव्हतं, हे मी शपथेवर सांगते. त्याला मनापासून वाटत होतं की आपल्याला धागा कळू लागला आहे. आणि मला, शहाणीला, भिंतीवरच्या रेघा बघून तेच वाटत होतं.

माझा नातू हल्ली कसल्याशा परीक्षेला बसतो. एकच प्रश्नसंच वीसदा सोडवतो आणि विसाव्या वेळी सगळं बरोबर आलं की मला दाखवायला येतो. मी म्हणते, "आता दुसरा दे पाहू, न पाहिलेला." तो चिडतो. त्याच्या आईला वाटतं म्हातारी पोराचा हिरमोड करते. करते खरी. शेठजींच्या मुदतीचे तेरा दिवस उरलेले असताना माझा जो हिरमोड झाला होता तो मला आठवतो.

मी आबांकडे गेले. मी सगळं सांगितलं, हिंग, ओवा, सुंठ. आबांनी ऐकून घेतलं. मग त्यांच्या खांद्यांत काहीतरी हललं, आणि जू पडल्यानंतर पहिल्यांदाच ते हसले. हसता हसता खोकले. "मंग खामगाववाल्यासमोर काय करायचं," ते म्हणाले, "गाडीगाडीला फोडणी द्यायची?" मायलाही हसू आवरेना. मी मात्र हसले नाही. मला राग आला होता, स्वतःचाच, आणि राग आला की मला नीट सुचतं.

घरातला सगळा कापूस मी चुलीत घातला. दुसऱ्या दिवसापासून नमुना घरात ठेवायचाच नाही असं ठरवलं. रोज सकाळी करीमचाचा त्या दिवशीच्या गाड्यांतून मूठ मूठ काढून देत, काट्यामागच्या पडवीत आम्ही बसत असू, आणि आमचं झालं की कापूस परत ढिगावर. आजची चिमूट उद्या नाही. आधी दोनच प्रकार घेतले, पहिला आणि फरदड, कारण तेवढा फरक आंधळ्यालाही लागतो. ते पक्के झाल्यावर पहिला आणि तिसरा. मग पहिला आणि दुसरा, जिथं भलेभले घसरतात. यंत्रांच्या आवाजात बसलो, दादाचे हात थंड पाण्यात बुडवून बसलो, सकाळच्या दवात भिजलेल्या गाडीवर बसलो. आणि एक नवा नियम केला. कळलं नाही तर "न्हाई कळलं" म्हणायचं. अंदाजानं ठोकून दिलं आणि बरोबर आलं तरी मी त्याची रेघ मारत नसे. दादाला हा नियम फार जड गेला. दोन हंगाम हात बांधून उभं राहिलेल्या माणसाला न कळल्याचं बोलून दाखवणं म्हणजे भर बाजारात धोतर सोडणं.

तरीही दहातले सहा, फार तर सात. अडत कुठं होतं ते मला कळेना. मी कसं ओळखते ते मलाही सांगता येत नव्हतं. शेवटी मी आबांना पडवीत ओढून आणलं. "तुम्ही करून दाखवा." ते म्हणाले, "मला आता काय लागतंय पोरी." मी म्हटलं, "न्हाई लागलं तर न्हाई. नुसता हात चालवा." त्यांनी मूठभर कापूस उचलला आणि मी त्यांचं मनगट धरून बसले. दादाला ते नेहमी सांगत, धागा ओढ, धागा बघ. पण धागा ओढण्याआधी त्यांचा मेला अंगठा कापसावर एकदा दाबला गेला, सुटला, आणि एक क्षण थांबला.

"हे काय केलंत?" मी विचारलं.

"काय केलं?"

"दाबलंत. सोडलंत. अन् थांबलात."

"मी कुठं थांबलो?" त्यांनी पुन्हा केलं, आणि पुन्हा तेच. तीस वर्षं ते दाबून सोडून कापूस किती जल्दी परत फुगतो ते आधी बघत होते, धागा नंतर, आणि त्यांना स्वतःला ते माहीत नव्हतं. मी माझा हात चालवून पाहिला. मीही तेच करत होते. चाचांच्या काट्यापाशी बसून आबांकडे बघता बघता कधीतरी उचललं असेल. आबांनी स्वतःचा अंगठा उलटसुलट करून पाहिला. मग दादाला जवळ बसवून त्यांनी त्याचा अंगठा आपल्या डाव्या हातात धरला आणि म्हणाले, "दाब. सोड. आता थांब. काय म्हणून राह्यला तो?" आबा आपल्या पोराला काही विचारताहेत, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. चार दिवसांत दादा दहातले आठ, कधी नऊ सांगू लागला. उरलेल्या एकाला तो "न्हाई कळलं" म्हणे.

परीक्षेच्या दिवशी आवारात दहा ढीग मांडले होते. खामगावचा माणूस इंग्रजी मुलखातून आला होता. डोक्याला जरीकाठी फेटा, बोटात अंगठी, आणि आमच्या मोगलाईतल्या कापसाकडे तो असा बघत होता जणू त्याच्यासाठीच कुणी तो पसरून ठेवलाय. माय आणि मी भिंतीच्या पडक्या भागातून बघत होतो. तो ढिगामागून ढीग चालत गेला, हात लावला न लावला आणि नंबर सांगितला. दहाही ढिगांचे नंबर, एकदाही न थांबता. माणूस हुशार होता यात वाद नाही.

मग दादा. त्यानं वेळ घेतला. दाब, सोड, थांब. सरकी दाताखाली. एकेक नंबर तो खालच्या आवाजात सांगत होता आणि मुनीम लिहून घेत होते. माझी नखं मायच्या दंडात रुतलेली होती. दहाव्या ढिगापाशी तो फार वेळ उभा राहिला. हात घातला, काढला, पुन्हा घातला. मग शेठजींकडे बघून, खाली नाही, त्यांच्याकडेच बघून, तो म्हणाला, "याचं मला न्हाई सांगता येत, शेठजी. वरचा पहिला हाय. पण हाताला खालून गार लागून राह्यलं. ढीग उकलून दिला तर सांगतो."

खामगाववाला हसला. मायनं डोळे मिटले. शेठजींनी हमालाला खूण केली, त्यानं फावड्यानं ढीग फोडला, आणि वितभर पांढऱ्याशुभ्र कापसाखालून पिवळट, ओली फरदड बाहेर आली. शेठजींनीच ती आदल्या संध्याकाळी भरून घेतली होती. बाकीच्या नऊंत खामगाववाल्याचे नऊ बरोबर होते, दादाचे सात. शेठजींनी मुनीमाचा कागद हातात घेऊन दोघांचे आकडे पाहिले. मग म्हणाले, "दोन चुकले ते शिकंल. हा दहावा ज्याला गार लागला, तो मला आवारात पाहिजे." खामगाववाल्याला त्यांनी मान देऊन, जेवू घालून परत पाठवलं.

घरी पेढे आले. आवारातल्या बाया मायला कुंकू लावून गेल्या, दादाला ओवाळलं, सगळे म्हणाले, बापाचं नाव राखलं. मी पेढा खाल्ला आणि मागच्या दारी जाऊन बसले. मला आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू; पण हेवाही वाटला होता, चांगला कडकडीत. त्या दहा ढिगांतले दहाही मला कळले असते असं मला वाटत होतं. अजूनही वाटतं. दादा माझ्या शेजारी येऊन बसला आणि त्याच्या वाटणीचा पेढा त्यानं माझ्या हातावर ठेवला. "गोदे, तुझी रेघ मार की भिंतीवर," तो म्हणाला. मी म्हटलं, "सातच मारीन." तो हसला.

दुसऱ्या दिवशी दादा मोठ्या फाटकावर उभा राहिला. दोन्ही फाटकांवर गाड्यांच्या रांगा लागल्या होत्या, म्हणून शेठजींनी आबांना मागच्या फाटकावर नुसतं बसून राहायला सांगितलं होतं. दादाला सवड मिळेल तसा तो तिथं येणार होता. मी दुपारची भाकरी घेऊन गेले तेव्हा तिथं वडीगोद्रीकडचा एक शेतकरी गाडीसह ताटकळत उभा होता आणि आवाज चढवत होता. दादा काही येत नव्हता. आबा उठले, गाडीत कोपरापर्यंत हात घातला, मूठभर कापूस काढला, आणि अंगठ्यात धरून नुसतेच उभे राहिले. मग त्यांनी ती मूठ माझ्यापुढे धरली. शेतकऱ्यादेखत, हमालांदेखत, भाकरीचं फडकं डोक्यावर घेऊन उभ्या असलेल्या माझ्यापुढे.

"बोल," आबा म्हणाले.

मी फडकं खाली ठेवलं. दाबला, सोडला, थांबले. सरकी फोडली. "दुसरा," मी म्हटलं. "वरनं जरा ओल हाय, आतून कोरडा हाय."

"ह्या पोरीला काय कळतंय?" शेतकरी म्हणाला.

आबांनी तो कापूस स्वतः पुन्हा तपासला नाही. काट्याकडे वळून पूर्वीसारखी छातीभरून आरोळी दिली, "दुसरा! घ्या आत!" काट्यावरून करीमचाचांनी हात वर केला, शेतकऱ्यानं पुटपुटत कासरा ओढला, आणि गाडी आत गेली.